भंडारा उचलून दिलेला शब्द

शंका : माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, सासर कराडचं. वडील गेल्यावर दादानं पालीच्या खंडोबापुढं बेलभंडारा उचलून सांगितलं, ‘आईला शेवटपर्यंत मी सांभाळीन.’ मीही ‘जमिनीचं नाव काढणार नाही’ अशी शपथ घेतली आणि हक्कसोडपत्रावर सही केली. आज दोन वर्षं आई माझ्याकडं आहे. दादा साधी विचारपूस करत नाही. मी तोंड उघडलं तर माझी शपथ मोडेल का? देवाचा कोप होईल का?

समाधान : ताई, कोपाची भीती मनातून काढून टाका. तुम्ही जमिनीचं नाव काढणार नाही म्हणालात. आईचं नाव काढणार नाही, असं कुठं म्हणालात? दादाच्या शब्दाला देवाइतक्याच तुम्हीही साक्षीदार आहात. गप्प बसलात तर साक्ष फिरवल्यासारखं होईल.

मोडलेल्या शब्दाचा जाब विचारणं साताऱ्यात पूर्वी फार मोठ्या पातळीवर घडलं आहे. साताऱ्याच्या छत्रपतींशी केलेला १८१९ चा तह बाजूला सारून ईस्ट इंडिया कंपनीनं १८३९ साली छत्रपती प्रतापसिंहमहाराजांना पदच्युत केलं. महाराजांची फिर्याद घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. महाराज १८४७ साली काशीला वारले, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दाद मागत राहिले. गादी मिळाली नाही. पण धन्याला दिलेला शब्द त्यांनी जाब विचारूनच पाळला.

कागदाची गोष्ट निराळी. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण नोंदवलेलं हक्कसोडपत्र तोंडी शपथेच्या आधारावर सहजी रद्द होत नाही. ते वकिलाला दाखवा. वडिलांच्या दुःखात असलेल्या लेकीची घाईनं सही घेण्याची आपल्याकडची रीत मला फार लागते. आईला मात्र २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलाकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांतांकडं करायचा.

त्याआधी मामांना घेऊन दादाकडं जा. आईच्या गोळ्यांची चिठ्ठी, दवाखान्याची बिलं सोबत न्या. जमिनीचा विषय काढू नका. महिन्याला किती देणार, आईला कधी नेणार, एवढंच लिहून घ्या. मनातला राग आज सोडलात, तरी भरवसा आजच ठेवायची सक्ती तुमच्यावर नाही. पैसे वेळेवर आले तर दिवाळीला आईसह माहेरी जा. नाही आले, तर आईला विचारा. ती हो म्हणाली की अर्ज करा.