बसून राहण्याचा हक

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुरुडला जाऊन आलो. परतल्यावर अम्मीने विचारले, "वहाँ जाके किया क्या?" मी म्हटले, "कुछ नहीं अम्मी, बैठी रही." तिला वाटले, मी काहीतरी लपवते आहे. "इत्ती दूर जाके बैठी रही?" आवाजात राग नव्हता, तिला खरेच कोडे पडले होते. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे. काहीही न करता एक दिवस बसून राहणे माणसाला शोभते का? आणि शोभत असेल, तर कोणाकोणाला?

भंडाऱ्याच्या माणसाला पाण्याचे नवल नाही. वैनगंगा आहे, गावोगाव तलाव आहेत. पण आमचे सगळे पाणी कामाचे. तलाव धानासाठी, मासोळीसाठी, शिंगाड्यासाठी. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून एस.टी.ने मुरुड गाठून समुद्र पाहिला, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की एवढे पाणी आणि एका बांधीच्याही उपयोगाचे नाही! उपयोगाखेरीज काही पाहायची नजरेला सवयच नव्हती.

सोबत प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नेला होता. सुरूच्या सावलीत चटई टाकली आणि गठ्ठा उशाला घेतला. माझे पती हसले. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात थकव्यावर एक प्रकरण होते. गणितानंतर हलका विषय ठेवावा, मधली सुट्टी कुठे असावी, हे सारे मी पाठ करून लिहिले होते. मुलांच्या थकव्याची काळजी घ्यायला आम्ही शिकलो. बाईंच्या थकव्यावर मात्र पेपरात कधी प्रश्न आला नाही. गठ्ठा त्या दिवशी सोडला नाही, हे कबूल करते. लाटा पाहत बसले. मुले वाळूत खड्डे करत होती. आणि तासाभरात मनात अपराधाची टोचणी सुरू झाली.

टोचणीचे कारण अम्मी. माझ्या बी.एड.ची फी तिच्या बिड्यांतून भरली गेली आहे. दुपारभर सूप मांडीवर, ओल्या कपड्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, कात्री, जर्दा, दोरा. मजुरी हजारावर. हजाराच्या हिशेबात विश्रांतीलाही किंमत लागते. तासभर पाठ टेकली, की तेवढ्या बिड्या कमी. बर्ट्रांड रसेलने १९३२ साली आळसाची तरफदारी करणारा निबंध लिहिला आणि दिवसाला चार तासांचे काम पुरे, असे मत मांडले. मला तो आवडतो. पण नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला तो वाचून दाखवायची हिंमत मला होणार नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे आपण शाळेत शिकवतो. बिडी कामगारांसाठीही १९६६ साली कायदा झाला होता. कारखान्याची जागा आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवावी, असे त्यात होते. फक्त पाने भिजवण्याला त्या दिवशीही मुभा होती. पण राहते घर त्या 'जागे'त धरलेले नव्हते. घरच कारखाना असेल तर कुलूप कशाला लावायचे? अम्मीची पाने सातही दिवस भिजत राहिली.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. आम्ही जंजिरा पाहायला राजपुरीला गेलो. किल्ला पाहायला गेलेला आपल्याकडचा माणूस बहुधा इतिहासावर भांडूनच परततो, म्हणून सिद्दींच्या पराक्रमाविषयी मी इथे काही लिहीत नाही. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा नमाजासाठी होड्या थांबल्या होत्या. पर्यटक चिडले होते. "आम्ही इतक्या लांबून आलो, एक दिवस तर मिळतो," असे एक गृहस्थ म्हणत होते. खरे सांगायचे तर मीही मनात तेच म्हणत होते. माझ्या आरामाच्या दिवशी दुसऱ्या कोणी थांबलेले मला खपत नव्हते.

उन्हात उभे राहून विचार केला. जुम्मा आपल्याकडे पूर्ण सुट्टीचा दिवस नाही. अजान झाली की व्यवहार सोडा, नमाज झाली की पुन्हा रोजी शोधायला पांगा, असे सूरह जुमुआमध्ये सांगितले आहे. म्हणजे थोड्या वेळाचे थांबणे. पण त्या वेळात कोणताही मालक, कोणतेही गिऱ्हाईक माणसाला विकत घेऊ शकत नाही. रोज रोजा ठेवून रात्ररात्र इबादत करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र यांना रसूलुल्लाह (स.) यांनी समजावले होते, की शरीराचाही माणसावर हक असतो. हक म्हटले, बक्षीस म्हटले नाही. आपण मात्र विश्रांती ही कष्टाची बक्षिसी समजतो, आणि मग कोणाचे कष्ट पुरेसे झाले, ते ठरवत बसतो. बायकांचे बहुधा कधीच पुरेसे होत नाहीत.

थोड्या वेळाने होडीवाले आले. शीड उभे राहिले. कोणी माफी मागितली नाही, ते मला बरे वाटले.

आम्ही उतरलो होतो त्या घरातली बाई पहाटेपासून आमच्यासाठी चुलीशी होती. तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण, पुन्हा चहा. मी विचारले, "तुम्ही जाता का हो समुद्रावर?" ती म्हणाली, "समोरच तर आहे. पण बसायला कोण जातंय?" लाटांचा आवाज तिच्या परसात ऐकू येत होता. अम्मी समुद्रापासून हजारएक किलोमीटरवर, ही हाकेच्या अंतरावर, आणि दोघी समुद्रापासून सारख्याच दूर. त्या संध्याकाळी मी तिला ओढून नेले. दहा मिनिटे बसली असेल. पदर सारखा करत, मागे वळून घराकडे बघत. मग म्हणाली, भात टाकायचा आहे. भात आमच्याचसाठी होता.

आता कोणी म्हणेल, मग तुम्ही जायलाच नको होते. हे मला पटत नाही. माझ्या टोचणीने अम्मीला एक दुपारही मिळाली नाही, त्या बाईलाही नाही. टोचणी स्वस्त असते. तिच्यावर आपण फार भरवसा ठेवतो. मी परतीच्या गाडीत बसून उत्तरपत्रिका तपासल्या असत्या, तरी अम्मीच्या वाट्याचे दिवस परत येणार नव्हते.

अम्मी आता बिड्या वळत नाही, नजर साथ देत नाही. पण दुपारी हात रिकामे झाले, की लगेच तांदूळ निवडायला घेते, निवडलेले पुन्हा निवडते. परवा मी म्हटले, "अम्मी, अगली छुट्टी में तुम भी चलो." तिने विचारले, "मुर्गियों को दाना कौन डालेगा?" शेजारच्या खालाशी मी बोलून ठेवले आहे. अम्मी अजून हो म्हणालेली नाही.