पुस्तकांतील वाचन व मोबाईलवरील वाचन

आमच्या कित्येक मंडळ्यांतून हल्लीं एक वाद ऐकूं येतो. उपासनेंत शास्त्रपाठ सुरू झाला म्हणजे वडील माणसें पिशवींतून पवित्र शास्त्र काढितात आणि तरुण खिशांतून मोबाईल काढितात. मग एखादे पंच म्हणतात कीं, हा देवाच्या घराचा अपमान आहे. आणि तरुण म्हणतात कीं, वचन तेंच आहे, मग कागद काय आणि कांच काय? हा प्रश्न केवळ रीतिभातीचा नाहीं असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, कागदामुळें ग्रंथास पावित्र्य येत नाहीं. नासरेथच्या सभास्थानांत प्रभूच्या हातीं यशयाचा ग्रंथ दिला तो गुंडाळी होता. पुढें ख्रिस्ती लोकांनीं पानें शिवलेलें पुस्तक इतरांच्या आधीं व मोठ्या आवडीनें स्वीकारिलें. त्या वेळीं गुंडाळीच्या एखाद्या अभिमान्यास हा पोरखेळ वाटला असेल. इ. स. १८११ मध्यें बंगालमधील श्रीरामपूर येथें मराठी नवा करार छापून निघाला. केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं केलेलें भाषांतर मुक्ति मिशनांतील स्त्रियांनींच खिळे जुळवून छापिलें, व तें १९२४ सालीं, बाईंच्या मृत्यूनंतर, पुरें प्रसिद्ध झालें. वचन वाहून आणणारें गाडें असें अनेक वेळां बदललें आहे.

मोबाईलचे उपकारही थोडे नाहींत. ज्यांची दृष्टि मंद झाली आहे ते अक्षर मोठें करून घेतात. ज्या भगिनीस अक्षरओळख नाहीं ती चुलीपाशीं बसून शुभवर्तमान ऐकते. तीन गांवें पायीं फिरणाऱ्या उपदेशकास दोन भाषांतरें एकाच खिशांत नेतां येतात.

मग अडचण कोठें आहे? २०१८ सालीं स्पेन व इस्रायल येथील विद्वानांनीं ५४ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांत १,७०,००० हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांस तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षां अधिक समजला, आणि वेळ थोडा असला म्हणजे हा फरक वाढला. नुसत्या गोष्टी वाचतांना मात्र असा फरक दिसला नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत ५० वाचकांपैकीं कांहींनीं एक लांब कथा पुस्तकांत वाचली, कांहींनीं किंडल नांवाच्या वाचनयंत्रावर. बहुतेक प्रश्नांस दोघांचीं उत्तरें सारखींच आलीं. परंतु कोणती घटना आधीं व कोणती मागून घडली हें पुस्तकवाल्यांस अधिक बरोबर सांगतां आलें. वाचून झालेल्या व राहिलेल्या पानांची जाडी बोटांस कळते, त्याचा हा परिणाम असावा असा त्या विद्वानांचा तर्क आहे.

आमच्या उपदेशक बंधूंनीं हें शेवटचें विशेष मनावर घ्यावें, कारण आधीं काय व मागून काय हें न कळल्यास शास्त्राचा अर्थच फिरतो. रोज सकाळीं मोबाईलवर एखादें वचन सुविचारासारखें येतें. फिलिप्पैकरांस पत्राच्या चवथ्या अध्यायांतील तेरावें वचन तर परीक्षेस व शर्यतीस निघालेल्यांनीं पाठच केलेलें असतें. परंतु बारावें वचन किती जण वाचितात? तेथें पौल बंदिवासांतून आपल्या उपासमारीविषयीं बोलत आहे! अर्थात् शब्दकोशांतून वचनें वेंचून उपदेश उभा करणारे पूर्वींही होतेच, व त्यांत आमच्या सेमिनरींतले सोबती पुष्कळ होते. मोबाईलनें ती खोड सोपी केली, इतकेंच.

आतां आमचा स्वतःचा दोष सांगतों. गतवर्षीं पावसाळ्यांत एका आजारी वृद्ध भगिनीच्या घरीं आम्ही गेलों. पुस्तक भिजूं नये म्हणून तें घरीं ठेविलें होतें. मोबाईलवर स्तोत्र काढून वाचूं लागलों. इतक्यांत वरच्या बाजूस एका सभेविषयींचा निरोप चमकला. आमची जीभ स्तोत्र वाचीत राहिली आणि डोळे निरोपाकडे गेले. शब्द एकही चुकला नाहीं. तरी ती म्हणाली, "पाळकसाहेब, काम असंल तर जावा. मी पडते जरा."

ती रागावली नव्हती, म्हणूनच आम्हांस अधिक लाज वाटली. आम्हीं मोबाईल बंद केला व तिच्या उशाचें पुस्तक मागितलें. दोन वर्षांपासून तिला अक्षर दिसत नव्हतें. पण तें पान तिनें चांचपूनच काढून दिलें, कारण त्याचा कोपरा तिच्या अंगठ्यानें मऊ झाला होता. आम्हीं स्तोत्र पुन्हां पहिल्यापासून वाचिलें.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, मोबाईल ही गांवची चावडी आहे. चावडीवर बसून शास्त्र वाचणें पाप नाहीं; परंतु तेथें कोणीही येतो व हाक मारितो, आणि हाकेस ओ देण्याची आपणांस संवय जडलेली असते. वचन वाचितांना आपण कोणापुढें बसलों आहों याचा विसर पडणें हा मात्र अपराध आहे, मग तो कागदापुढें घडो कीं कांचेपुढें. ज्या बंधूजवळ मोबाईलशिवाय दुसरें शास्त्र नाहीं त्यानें लाजूं नये. त्यानें वाचण्यापूर्वीं इंटरनेट बंद करावें आणि वचन शोधून न काढतां अध्यायाच्या आरंभापासून वाचावें. आजाऱ्याच्या खाटेशीं मात्र, बनेल तर, पुस्तकच न्यावें.

आमच्या पंचांनीं उपासनेंत मोबाईलला बंदी केलेली नाहीं. येत्या उपवासकाळांत एका रविवारीं संध्याकाळीं मार्ककृत शुभवर्तमान आरंभापासून शेवटपर्यंत मोठ्यानें वाचावयाचें ठरलें आहे. त्यास सुमारें दीड तास लागेल. पहिला अध्याय कोणीं वाचावा याविषयीं दोघांची तक्रार आतांच आमच्याकडे आली आहे. एक पुस्तकवाले आहेत व एक मोबाईलवाले.