वाघ दिसतो, ऊन दिसत नाही

मागच्या मे महिन्यात गावी होतो. भंडारा जिल्ह्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. अंगणातल्या खाटेवर ठेवलेला फोन तापला आणि स्क्रीनवर संदेश आला: आधी थंड होऊ द्या. शेजारी मोठी आई सकाळी तोडून आणलेल्या तेंदूपानांचे पुडे बांधत होती. सत्तर पानांचा एक पुडा. दुपारचे दोन वाजले होते. शरीरही असा संदेश देतं, डोकं दुखतं, चक्कर येते. पण त्याने काम थांबत नाही.

"ऊन उतरल्यावर बांध ना," मी म्हटलं.

"मंग फळीवर कोन घेईल, बाबू? सांजेले मोजनी रायते."

तेंदूचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. पैसे पुड्यांवर मिळतात, तासांवर नाही. ऊन टाळायला बायका पहाटेच जंगलात शिरतात, आणि पहाट ही वाघाच्याही फिरण्याची वेळ. नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांना हे नवीन नाही.

वाघाने माणूस मारला तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. यात वाघाचा गुन्हा नसतो, वनरक्षकाचाही नसतो. तरी सरकार म्हणतं, जबाबदारी आमची. आता तीच बाई, त्याच पानांसाठी, उन्हाने कोसळली तर? शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, एकेक अवयव हार मानतो. पण अंगावर पंजाची खूण नसते. कागदावर अनेकदा हृदयविकार लिहिला जातो आणि विषय संपतो.

मला खटकतं ते हे. वाघाच्या हल्ल्यामागे कुणाचा निर्णय नसतो. भर दुपारच्या कामामागे मात्र असतो. पुड्याचा दर कुणीतरी ठरवतं, मोजणीची वेळही कुणीतरी ठरवतं. जिथे माणसाचा हात आहे, नेमकं तिथेच जबाबदार कुणी नाही.

"तिला जबरदस्ती कुणी केली?" हा युक्तिवाद मलाही पूर्वी पटायचा. पण थांबण्याची सगळी किंमत थांबणाऱ्यालाच भरावी लागत असेल, तर त्याला निवड म्हणायचं का? एकटीने विश्रांती घेतली तर ते नुकसान. सगळ्यांनी मिळून घेतली तर तो नियम.

आपला रविवार असाच आला. मुंबईतल्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी संघटित केलं, त्यांच्या मागणीसाठी सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याआधी थकवा ही ज्याची त्याची अडचण होती. त्यानंतर ती मालकाचीही झाली. कामगारांचं शरीर तेच होतं, बदललं ते एवढंच, की त्यांनी एकत्र येऊन मागितलं. जबाबदारी कुठे पडलेली सापडत नाही, ती कुणाच्या तरी पदरात घालावी लागते.

फळीवर मागण्यासारखं फार मोठं काही नाही. मोजणी दोन तास उशिरा, बसायला सावली, प्यायला थंड पाणी. मी मोठ्या आईला म्हटलं, कंत्राटदाराशी बोलून बघ. ती पुडा आवळत म्हणाली, "एकटीनं बोललं तं उद्या माहेच पुडे घेनार नाही. समद्याइनं बोलाले पाह्यजे."

सगळ्यांना एकत्र कोण आणणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने माझ्याकडेच पाहिलं असतं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एसी बसने पुण्याला परतलो.