भावाचे खाते

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय ४५ व ५०, मत्तय १८:१५-३५



परक्याने केलेला घाव काही दिवसांनी भरून येतो. परंतु घरच्या माणसाने केलेला घाव वरून बरा दिसला तरी आत ठणकत राहतो. बाजारात कोणी अपशब्द बोलला, तर आपण तोंड फिरवून आपल्या वाटेने जातो. पण ज्याच्याबरोबर एका ताटात भाकर खाल्ली त्यानेच दगा दिला, तर मनुष्याने जावे कोठे? आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत असे दुखावलेले लोक पुष्कळ आहेत. कोणाला बाप्तिस्मा घेतला म्हणून बापाने घराबाहेर काढले. कोणाला आई वारल्याचा निरोपसुद्धा पाठविला नाही. कोणा सुनेला सासरी वर्षानुवर्षे टोचून खाल्ले, तर कोणाचा जमिनीचा हिस्सा सख्ख्या भावाने गिळला. ही माणसे रविवारी उपासनेस येतात, प्रभूने शिकविलेली प्रार्थना सर्वांबरोबर म्हणतात. परंतु आपल्या ऋण्यांस ऋण सोडण्याचे शब्द आले म्हणजे त्यांची जीभ अडखळते. अशांसाठी आज देवाचे वचन उघडू या.

प्रथम योसेफाकडे पाहा. तो सतरा वर्षांचा असता त्याच्या भावांनी दोथान येथे त्याचा झगा काढून घेतला, त्याला कोरड्या विहिरीत टाकले, आणि मग जेवावयास बसले. पुढे वीस रुप्याच्या नाण्यांस त्यांनी त्याला विकले. विहिरीतून तो निघाला तो गुलाम होऊन. आणि मिसर देशात काही अपराध नसता तुरुंगात पडला. तीस वर्षांचा झाला तेव्हा फारोने त्याला तुरुंगातून बाहेर आणविले व साऱ्या देशावर अधिकारी नेमिले. ह्याप्रमाणे त्याचे दोन बंदिवास संपले. विहिरीतून व्यापाऱ्यांनी काढले, तुरुंगातून राजाने काढले. परंतु तिसरा एक बंदिवास असतो, त्याची किल्ली कोणा राजाजवळ नसते. मनातील वैराची ती कोठडी होय.

योसेफाला वाटले होते की आपण मागील सर्व विसरलो. त्याने आपल्या थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेविले, ते ह्याच अर्थाने, की देवाने मला माझे कष्ट व माझ्या बापाचे घर विसरावयास लाविले. पण पुढे दुष्काळात भाऊ धान्य मागावयास येऊन त्याच्यापुढे लवले, तेव्हा सर्व जसेच्या तसे त्याच्यापुढे उभे राहिले. तो बाजूस जाऊन रडला. बन्यामिनास पाहून तो पुन्हा आतल्या खोलीत जाऊन रडला. बंधुजनहो, ह्यात आपणांस समाधान आहे. जखम आठवते म्हणून आपण क्षमा केलीच नाही असे समजू नका. मुलाचे नाव 'विसर' ठेविल्याने विसर पडत नाही. आणि देव आपणांपासून विसर मागतही नाही. तो दुसरेच काही मागतो.

ते काय, हे प्रभु येशूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दाखविले आहे. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तलांत येणे होते. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. गणित करून पाहा : सहा कोटी दिवसांची मजुरी! सारा गाव पिढ्यान्‌पिढ्या राबला तरी ती फिटावयाची नाही. राजाने ती सर्व सोडून दिली. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला. हे शंभर दिनार काही थोडे नव्हते. ती तीन-चार महिन्यांची मजुरी होती. प्रभु असे म्हणत नाही की तुमच्या भावाने तुमचे काही बुडविले नाही. बुडविले आहे, आणि ते गरिबाला जड जाण्याइतके आहे. परंतु ज्याला सहा कोटी सुटले, त्याने शंभरांसाठी भावाला तुरुंगात घालावे काय?

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत क्षमेसाठी जो शब्द वारंवार येतो त्याचा मूळ अर्थ 'सोडून देणे', 'जाऊ देणे' असा आहे. हा अर्थ आपणां शेतकऱ्यांस कोणी शिकविण्याची गरज नाही. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांस कर्जमाफी दिली; पुढे २०१७ व २०१९ साली आपल्या राज्य सरकारनेही दिली. कर्जमाफी झाली म्हणजे कर्ज घेतलेच नव्हते असे कोणी म्हणतो काय? नाही. कर्ज खात्यात लिहिलेले असते, आकडा स्पष्ट असतो, आणि मग त्यावर रेघ ओढिली जाते. आणखी हेही ध्यानात ठेवा, की माफ झालेला पैसा हवेत नाहीसा होत नाही. बँकेला तो कोणीतरी भरून देतो. सरकारी तिजोरीतून तो जातो. तसेच आमचे पाप फुकट मिटले नाही. प्रभु येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर आपला प्राण देऊन ते भरून दिले. म्हणून क्षमा करणे म्हणजे अपराध लहान आहे असे म्हणणे नव्हे. ज्याने माझे खाते मिटविले त्याच्या हाती मी माझ्या भावाचे खाते देतो, आणि वसुलीचा हक्क सोडतो. क्षमा ती हीच होय.

दाखल्याच्या शेवटी तो कठोर चाकर स्वतःच पीडा करणाऱ्यांच्या हाती दिला जातो. हे किती खरे आहे! ज्याला कोठडीत घातले त्याच्या दाराशी कोणी तरी रात्रंदिवस पहारा करावा लागतो. आणि तो पहारेकरी आपणच असतो. कैदी कदाचित झोपतो, पहारेकऱ्याला झोप नसते.

हे लिहिणारा मनुष्य पहिल्यापासून शहाणा होता असे मात्र कोणी समजू नये. मी सेमिनरीत शिकत असता माझे वडील प्रभूमध्ये निजले. थोरल्या भावाने मला तालुक्याच्या निबंधक कचेरीत नेले, "घरचाच व्यवहार आहे," असे म्हणून कागद पुढे केला, आणि मी तो न वाचता सही केली. वर्षाने सातबाऱ्याचा उतारा पाहिला, तेव्हा समजले की ते माझ्या हिश्शाचे हक्कसोडपत्र होते. नऊ वर्षे मी भावाच्या उंबऱ्यावर पाऊल ठेविले नाही. आई त्याच्याकडे राहत असे. ती बाजाराच्या दिवशी मला रस्त्यात भेटे आणि पदराखालून चार शेंगा काढून देई. ह्या नऊ वर्षांत मी क्षमेवर कितीतरी उपदेश केले.

एकदा प्रभुभोजनानंतर मंडळीतील एक म्हातारी बाई मागे थांबली व म्हणाली, "पाळकबाबा, भाकर तुमी आमाला देता, पर सख्ख्या भावाच्या घरची भाकर तुमाला चालत न्हाई. मंग आमी काय शिकावं?" मला फार राग आला. "आजी, तुम्हांला त्यातले काही ठाऊक नाही," एवढे बोलून मी निघालो. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी प्याला हाती घेताना माझा हात कापला.

तीन महिन्यांनी मी गेलो. भाऊ गोठ्यात वैरण टाकीत होता. मी म्हणालो, "दादा, त्या कागदाचा हिशेब मी तुझ्याकडे मागणार नाही. मी तो देवापुढे सोडला आहे." तो म्हणाला, "तुला कोणी फसविले?" आणि त्याने तोंड फिरविले. त्याने आजवर अपराध कबूल केलेला नाही. जमीनही परत आली नाही. घरी परतताना अर्ध्या वाटेवर मला पुन्हा संताप आला, आणि रस्त्याच्या कडेला थांबून मला तेच खाते दुसऱ्यांदा देवाच्या हाती द्यावे लागले. तेव्हा मला कळले की सात वेळा सत्तर ही आज्ञा कधी कधी एकाच अपराधासाठी असते.

तथापि एक गोष्ट घडली. त्या दिवशी वहिनीने चहा ठेविला, आणि आईने आम्हां दोघांस आग्रहाने बसवून भाकर वाढली. आम्ही फारसे बोललो नाही. आई वाढताना डोळे पुशीत होती. पुढल्या पावसाळ्यात ती वारली. मी आणखी तीन महिने विलंब केला असता तर ती भाकर मला कधीच मिळाली नसती. पहिले हक्कसोडपत्र मी फसून लिहून दिले. दुसरे जाणून-बुजून, देवापुढे. पहिल्याने माझी जमीन गेली, दुसऱ्याने माझी बेडी.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही ह्याचे एक उदाहरण आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ह्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला, व काही वर्षे त्यांना पतीपासून दूर राहावे लागले. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या 'स्मृतिचित्रे' ह्या नावाने १९३४ पासून प्रसिद्ध झाल्या. त्यांत पतीचे दोष झाकलेले नाहीत आणि सोसलेले दुःख लपविलेले नाही. परंतु सूड कोठे सापडत नाही, उलट पानोपानी हसू सापडते. आठवण राहिली, विष गेले. अशी मोकळीक देव देतो.

आता गैरसमज होऊ नये म्हणून थोडे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. पहिले हे, की क्षमा म्हणजे वाईटाला चांगले म्हणणे नव्हे. योसेफाने भावांस तोंडावर सांगितले की तुम्ही मला विकले, तुमचा हेतु वाईट होता. देवाने मात्र त्यातून बरे केले. आणि प्रभूनेही त्याच अठराव्या अध्यायात, दाखल्याच्या आधी, भावाचा अपराध त्याला एकांती दाखवावा, न ऐकल्यास साक्षीदार न्यावे, असे शिकविले आहे. दुसरे हे, की क्षमा एका क्षणी करिता येते, पण विश्वास हळूहळू उगवतो. योसेफाने भावांची परीक्षा पाहिली. ज्या यहूदाने त्याला विकण्याची मसलत दिली होती, तोच बन्यामिनाच्या ऐवजी स्वतः गुलाम होण्यास पुढे आला, तेव्हा योसेफाने ओळख दिली. तिसरे हे, की मार खात राहणे ही क्षमा नव्हे. घरात जिवाला भय असेल तर आधी सुरक्षित जागी जावे. अशा स्त्रियांसाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्याचा आधार घेणे हे पाप नव्हे. मनातून सूड सोडता येतो आणि दाराला कडीही लावता येते.

उपदेशक बंधूंनो, विशेषेकरून तुम्हांस विनंती आहे. दुखावलेल्या मनुष्याकडे गेलात, तर आधी त्याचे सर्व ऐकून घ्या. त्याचे रडणे संपण्यापूर्वी वचन काढून त्याच्या तोंडावर मारू नका. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला 'क्षमा कर' म्हणून त्याच रात्री परत पाठवू नका. दोघा भावांस मंडळीपुढे उभे करून बळेच हात मिळवू नका. तसे मिळविलेले हात वेशीबाहेर सुटतात. आणि आपल्या स्वतःच्या भावाकडे गेल्याशिवाय दुसऱ्याला पाठवू नका. हे मी लाजेने लिहितो.

शेवटी योसेफाच्या भावांकडेही एकदा पाहा, कारण आपणांपैकी कित्येक जण त्यांच्या जागी आहेत. योसेफाने त्यांस जवळ घेऊन, चुंबून क्षमा केली. याकोब मिसरात सतरा वर्षे जगला, आणि तितकी वर्षे त्यांनी योसेफाचे अन्न खाल्ले. तरी बाप मेल्याबरोबर ते घाबरले, की आता हा सूड घेईल. त्यांचा निरोप ऐकून योसेफ रडला. क्षमा मिळाली होती, पण त्यांनी ती घेतली नव्हती. योसेफ मोकळा होता. ते मात्र अजून त्या कोरड्या विहिरीच्या काठाशीच बसले होते. तुम्ही कोणाचा हिस्सा खाल्ला असेल, सुनेला छळले असेल, मुलाला दारातून हाकलले असेल, तर जा, कबूल करा, देणे द्या. आणि तुमची आई अजून जिवंत असेल तर उशीर करू नका.

पुढील प्रभुभोजनापूर्वी आपणांपैकी प्रत्येकाने एक नाव देवापुढे घ्यावे. कोणते, ते आपणांस सांगावे लागणार नाही. ते घेताना कंठ दाटला तर दाटू द्यावा. प्रार्थना एवढीच असावी : हे प्रभो, ह्याने माझे बुडविले ते तू पाहिले आहेस. माझे त्याहून पुष्कळ तू सोडलेस. हे खाते मी तुझ्या हाती देतो. उद्या मी ते परत मागावयास आलो, तर मला देऊ नकोस. आमेन.