फडक्याआडून

माझा आठ वर्षांचा भाचा सुट्टीत पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आला होता. एका सकाळी मी विमा कंपनीशी फोनवर बोलत होते. फोन ठेवून वळले तर हा दारात उभा.

"मावशी, तू कोणाच्या आवाजात बोलत होतीस?"

"माझ्याच," मी म्हटलं.

त्याला ते पटलं नाही. "तू तुझं नावपण वेगळं सांगितलंस. तू मिमिक्यू झाली होतीस."

तुमच्या घरी सोफ्याच्या फटीत पोकेमॉनचे पत्ते सापडत असतील तर मिमिक्यू कोण हे तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडी ओळख. पोकेमॉन या जपानी खेळांत शेकडो काल्पनिक प्राणी आहेत. त्यातला पिवळा, गुबगुबीत, लाल गालांचा पिकाचू १९९६ पासूनचा, आणि खेळ न खेळणाऱ्यांनाही तो माहीत असतो. मिमिक्यू आला बराच नंतर, २०१६ साली, 'सन' आणि 'मून' या जोडखेळांत. उंची जेमतेम वीस सेंटिमीटर, वजन सातशे ग्रॅम. त्याचं खरं रूप भयंकर आहे म्हणे, पण ते दिसत नाही, कारण तो कायम एक जुनं फडकं पांघरून असतो. त्या फडक्याला पिकाचूसारखे कान आहेत, रंगखडूनं काढल्यासारखे डोळे, गाल आणि वाकडंतिकडं तोंड आहे, शेपटीच्या जागी लाकडाचा तुकडा. असं का, याचं कारण खेळ बनवणाऱ्यांनीच सांगून टाकलंय. त्याला फार एकटं वाटतं. वीसेक वर्षांपूर्वी पिकाचूच्या वस्तू लोकांनी कशा डोक्यावर घेतल्या हे त्यानं पाहिलंय, तेव्हा आपणही तसे दिसलो तर कोणीतरी मैत्री करेल अशी त्याला आशा आहे. खेळात तो भेटतो एका ओस पडलेल्या सुपरमार्केटात. तिथल्या मागच्या खोलीत भिंतींवर पिकाचूचे फोटो चिकटवलेले असतात. अभ्यासच केलाय त्यानं!

२०२० साली जगभरच्या चाहत्यांचं मतदान झालं. मिमिक्यू तिसरा आला. पिकाचू पहिल्या दहातही नव्हता.

हा निकाल माझ्या डोक्यातून जात नाही. अस्सलापेक्षा नक्कल जास्त आवडली, आणि तीही चांगली वठली म्हणून नव्हे. वर चितारलेलं तोंड आहे, पण खाली, पोटाशी, फडक्याला दोन भोकं आहेत आणि त्यातून त्याचे खरे डोळे बघत असतात. पाच वर्षांचं पोरही फसणार नाही. मी भाच्याला विचारलं, "मग तो खोटारडा आहे का रे?" त्यानं जरा विचार केला. "नाही. कारण सगळ्यांना कळतं ना."

जवळजवळ हेच कांटनं म्हटलंय. १७९७ साली त्यानं लिहिलं की दाराशी मारेकरी आला आणि तुमचा मित्र कुठे लपलाय असं विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. इतका कर्मठ माणूस. तोच दुसऱ्या वर्षी मानवशास्त्रावरच्या पुस्तकात सांगतो की माणसं जितकी सुसंस्कृत तितकी जास्त नट असतात, पण या सभ्यतेच्या सोंगात कोणी फसवलं जात नाही, कारण ते सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वर हेही की सोंग आणता आणता ते गुण हळूहळू अंगीही लागतात.

मला हे अर्धंच पटतं. कांटच्या दिवाणखान्यात सगळेच नट होते, एकमेकांसाठी वाकणारे. माझ्या फोनवर तसं नसतं. पलीकडची बाई माझ्यासाठी आवाज बदलत नाही. मिमिक्यूला पिकाचू व्हावं लागतं, पिकाचूवर मिमिक्यू व्हायची पाळी येत नाही.

मी फुलपाखरांवर काम करते, म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. आपल्याकडे कढीपत्त्यावर अंडी घालणारं कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या दिसतात. कॉमन रोझ विषारी, एकदा तोंड पोळलेला पक्षी त्याच्या वाटेला जात नाही, आणि त्या भीतीवर मॉर्मनची निरुपद्रवी मादी तरून जाते. हेन्री वॉल्टर बेट्सनं १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून ही कल्पना मांडली. या नकलेचा हेतू एकच, मला एकटं सोडा. मिमिक्यूचं नेमकं उलटं. तो भयंकर असून निरुपद्रवी दिसू पाहतो. निसर्गात असं करणारे बहुतेक शिकारी असतात, आणि याला तर शिकार नको, सोबत हवीय. माझ्या शास्त्रात त्याला कप्पाच नाही.

स्वतःकडे पाहिलं तर मला दोन्ही सापडतात. विमा कंपनीशी बोलताना मी कॉमन मॉर्मन असते. नावाचं स्पेलिंग तीनदा सांगायला लागू नये, काम व्हावं आणि सुटका व्हावी, एवढंच. पण प्रयोगशाळेतल्या मंडळींबरोबर जेवताना, न पाहिलेल्या मालिकेतल्या विनोदाला मी हसते तेव्हा सुटका नको असते. त्यांनी खुर्ची जरा सरकवून जागा करावी असं वाटत असतं. पहिल्याबद्दल मला कधीच अपराधी वाटलं नाही. दुसऱ्याबद्दल वाटतं. का, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित ढाल उघड उघड धरता येते, आणि मागणं मागताना माणूस उघडा पडतो, म्हणून असेल.

खेळात त्या फडक्याला कामही आहे. लढाईत पहिला घाव फडकं झेलतं, आतल्याला काही होत नाही. फक्त चितारलेली मान मोडून लटकते. २०१९ च्या खेळांपासून हा नियम बदलला. आता सोंग मोडताना आतल्याची एक अष्टमांश शक्ती जाते. बदल केला तो खेळाचा तोल सांभाळायला, पण मला तो जास्त खरा वाटतो.

कारण असा एक घाव मी घातलेला आहे. चार वर्षांपूर्वी, मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत. नुकताच आलेला एक विद्यार्थी कोणाशीतरी इंग्रजीत बोलत होता. 'वॉटर'चं 'वॉडर' करत होता, पण पुढच्याच शब्दाला गाडी रुळावरून घसरून थेट नगरला जात होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दोन महिन्यांत पार अमेरिकन झालास की रे!" सगळे हसले. तोही हसला. मग पान वाढून घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला, आणि पुढच्या वर्षी काही दिसला नाही.

त्याच रांगेत पंचवीस वर्षं इथे राहिलेले एक काका होते, त्यांचे उच्चार अगदी इथल्यासारखे. त्यांना कोणी हसत नाही. म्हणजे मी नकलेला हसलेच नव्हते. शिवण दिसली म्हणून हसले होते, आणि माझी स्वतःची शिवण त्याच जागी उसवते. मिमिक्यूची शिवण दिसते म्हणून आपण त्याचं बाहुलं विकत घेतो, पण रांगेत शेजारी उभ्या असलेल्या पोराची दिसली की टोमणा मारतो. बाहुलं आपल्याकडे खुर्ची सरकवायला सांगत नाही, एवढाच फरक असावा.

मिमिक्यूविषयीच्या नोंदींमध्ये एका संशोधकाची गोष्ट आहे. संशोधनाच्या नावाखाली त्यानं फडकं उचलून आत डोकावून पाहिलं आणि तो मेला. (आमच्या धंद्यातल्या लोकांना हे जरा वर्मी लागतं.) आपण नीतीचा प्रश्न नेहमी सोंग घेणाऱ्याला विचारतो, तू खरा का राहत नाहीस म्हणून. उचलून बघणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मार्टिनिकचा लेखक एदुआर ग्लिसाँ यानं १९९० सालच्या पुस्तकात अपारदर्शक राहण्याचा हक्क मागितला. दुसऱ्याशी नातं जोडायला तो आरपार दिसलाच पाहिजे असं नाही, हे त्याचं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, मग आतला एकटाच राहिला की. लोकांनी प्रेम केलं ते फडक्यावर. मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. पण नीट बघितलं तर लोकांना आवडला तो ना पिकाचू, ना आतला अज्ञात जीव. त्यांना आवडले ते भोकांतले डोळे आणि त्यांच्यावरचं ते वाकडं तोंड, दोन्ही एकदम. ते फडकं त्यानंच शिवलंय, त्यातली चूकही त्याचीच आहे. माझ्या फोनवरच्या आवाजात अमेरिकन कमी आणि कोल्हापूर जास्त आहे, हे पलीकडच्या बाईलाही कळत असणार.

भाचा जायच्या आदल्या दिवशी विमा कंपनीचा पुन्हा फोन आला. मी उचलला, घसा साफ केला. तो जमिनीवर पत्ते मांडून बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पत्ते गोळा केले आणि बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं.