आजीचं ‘नको’

आजीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर असल्याचं कळलं, तेव्हा मला पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. पैशांची फार अडचण नव्हती. मी परळचं टाटा रुग्णालय ठरवूनच पाटणला गेलो. आजी म्हणाली, “म्हमईला न्हाई जायाचं मला.” मी समजावलं, चिडलो. शेवटी वडील म्हणाले, “तिचा देह, तिचा निर्णय.” मला ते पटलं.

आठवड्याने डॉक्टरांनी कराडचा पर्याय सुचवला. आजीने एवढंच विचारलं, “सांच्याला घरी यायला मिळंल का?” मिळणार होतं. ती तयार झाली.

या आजारात रेडिओथेरपी साधारण पाच आठवडे चालते, आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटं. त्या मिनिटांसाठी मुंबईत खोली, सोबतीला माणूस आणि इकडे म्हैस दुसऱ्याच्या दावणीला. आजीने नाकारलं होतं ते हे सगळं. आम्ही मात्र तिने उपचार नाकारले असं समजून त्या नकाराचा आदर करत होतो. समोर एकच पर्याय, तोही न झेपणारा असेल, तर ‘तिचा निर्णय’ म्हणणं ही आपली सुटका असते.

जवळचं म्हणजे पुरेसं, असंही नाही. काही दुर्मीळ कॅन्सरना परळसारखा अनुभव लागतोच. तालुक्याच्या माणसाला काहीतरी थातूरमातूर देऊन ‘सोय केली’ म्हणणं हीसुद्धा फसवणूकच. पण सोय म्हणजे फक्त यंत्र नव्हे, हे बार्शीने दाखवलं आहे. तिथे 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं समजावत, संशयित रुग्णांना तपासणीला आणत. पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलं.

आजीचे उपचार पूर्ण झाले. एकदा कराडहून परतताना एसटीत तिने सहज सांगितलं, की अंगावरून जायला लागून सात महिने झाले, तेव्हा कुठे तिने आईच्या कानावर घातलं होतं. मी दर रविवारी फोन करायचो. “बरी हायेस न्हवं?” विचारायचो. ती “हाय की” म्हणायची आणि मी फोन ठेवायचो.

पाटणहून कराड पस्तीसेक किलोमीटर. ते सात महिने मात्र आमच्या घरातल्या घरात गेले.