मधल्या मोटारीची साक्ष

धुक्यात तीन मोटारी एकामागून एक आदळल्या, म्हणजे मधल्या चालकाची खरी कसोटी लागते. मागून धक्का बसल्यामुळे आपण पुढच्यावर गेलो, की त्याआधीच आदळलो होतो? हे पुष्कळदा त्या एकट्यालाच ठाऊक असते, आणि दाव्याच्या अर्जावर तो लिहील तेच उमटते.

विम्याच्या करारात, कंपनीच्या लेखी संमतीवाचून दायित्व कबूल करू नये, अशी अट असते. 'काही बोलूच नये' असा तिचा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. तो अर्थ सोयीचा आहे, खरा नव्हे. भरपाईचा भार स्वीकारणे निराळे, घडले ते सांगणे निराळे. अटीने मना केले आहे ते पहिले.

जखमी तिऱ्हाइताचे त्यात फारसे अडत नाही. अनेक चालकांच्या एकत्रित हयगयीने इजा झाली असता तो कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. वाटणी मग त्यांची आपसात.

नुकसान होते ते मागच्या चालकाचे. दोन्ही धडका त्याच्या माथी येतात. पैसे काय, त्याची विमा कंपनी भरेल, अशी मनाची समजूत घालता येते; परंतु बेदरकार वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यातील कैद किंवा दंड कोणतीही विमा कंपनी भरून देत नाही.